ओफेलियाच्या मेसमधले पेठे

शनिवार, १६ फेब्रुवारी १९८५. बिल एकतीस डॉलर पंच्याऐंशी सेंट. टेबलाशी माणसं आठ: मी, माझी बायको सुधा, आमची मंजिरी आणि निखिल, गजानन पेठे, हॉटेलची मालकीण ओफेलिया, तिची म्हातारी आई आणि तिचा थोरला भाऊ रामिरो. त्या संध्याकाळी आम्ही पेठ्यांसाठी ओफेलियाला मागणी घालायला गेलो होतो. मुलाचं वय एक्कावन्न, मुलीचं अठ्ठेचाळीस. मुलाकडचा वडीलधारा म्हणून मी, म्हणजे मुलापेक्षा सात वर्षांनी लहान.

हा प्रसंग माझ्यावर का आला हे कळायला आधी पेठे कळले पाहिजेत.

पेठे रसायनतज्ज्ञ होते. नगरकडच्या एका साखर कारखान्यात उमेदवारी करून अमेरिकेत शिकायला आले आणि १९७६ साली आमच्या गावच्या कारखान्यात प्रयोगशाळेवर लागले. आमचं गाव कोलोरॅडोच्या ईशान्येला, डेन्व्हरपासून दीड तासावर. तिथे ऊस नाही, बीट. पांढरं, मुळ्यासारखं, पण मुळ्याच्या चौपट जाड. ऑक्टोबर ते फेब्रुवारी गळीत हंगाम आणि त्या दिवसांत सगळ्या गावाला ओल्या चोथ्याचा वास. बीट खणायला आणि वाहायला दोन पिढ्यांपूर्वी मेक्सिकोतून माणसं आली होती, ती इथलीच झाली होती. म्हणून चार हजार वस्तीच्या गावात चर्च सहा, पेट्रोलपंप तीन आणि मेक्सिकन हॉटेल एक. हॉटेलच्या पाटीवर काहीतरी वेगळंच नाव होतं, पण गाव म्हणायचं, ओफेलियाकडे.

मी १९७९ साली त्याच कारखान्यात कॉस्टिंगला आलो. गावात मराठी घरं दोन झाली, पण त्यातलं पेठ्यांचं घर म्हणजे एक खाट, एक टेबललॅम्प आणि रसायनशास्त्राच्या मासिकांचे गठ्ठे. स्वयंपाकाच्या ओट्यावरसुद्धा मासिकंच. सुधाने पहिल्या दिवशी विचारलं, "भावजी, तुम्ही जेवता कुठे?"

"मेसमध्ये," पेठे म्हणाले.

"इथे मेस आहे?"

"नव्हती. मी सुरू केली."

पेठे ठेंगणे, जाड भिंगांचा चष्मा, बर्फातसुद्धा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि वर बिनबाह्यांचा स्वेटर. खिशाला दोन पेनं आणि एक छोटी झाकणाची बाटली. बाटली नमुन्यासाठी. रस्त्यात, शेतात, कुणाच्या घरी, कुठेही काही संशयास्पद द्रव दिसला की ते बाटली काढायचे. सुधाने केलेल्या पहिल्या आमटीपुढे त्यांचा हात खिशाकडे गेला होता, हे मी पाहिलं आहे.

जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्यांचं माप एकच होतं, उतारा. शंभर टन बिटातून साखर किती निघाली तो उतारा. कारखान्याच्या व्यवस्थापकाचं भाषण झालं की बाहेर येऊन म्हणायचे, "पाऊण तास गाळप, उतारा शून्य." मंजिरीचं प्रगतिपुस्तक बघून म्हणाले, "पोरीचा उतारा उत्तम. निखिलचा माल चांगला आहे, पण गाळप नीट होत नाही." मला एकदा म्हणाले, "दातार, तुमच्या बोलण्यात साखर आहे, पण मळी फार निघते." तेव्हापासून मी त्यांच्यापुढे थोडक्यात बोलायला शिकलो.

आता त्या मेसची गोष्ट. ती मला पेठ्यांनीही सांगितली आणि ओफेलियानेही, आणि दोघांचे आकडे जुळतात, म्हणून लिहितो.

पेठे गावात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ओफेलियाकडे गेले, बीन्स, भात आणि टॉर्टिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि विचारलं, "महिन्याचं काय पडेल?" ओफेलियाला वाटलं, हा हॉटेल विकत घ्यायला आला. पेठ्यांनी तिला कागदावर समजावलं: रोज दोन जेवणं, रविवारी संध्याकाळी सुट्टी, पैसे महिन्याच्या सुरुवातीला, आणि आधी सांगून गैरहजर राहिलं तर खाडा. खाडा म्हणजे त्या जेवणाचे पैसे पुढच्या महिन्यात वजा. ओफेलिया म्हणाली, "पुढच्या महिन्यात तू इथे असशील कशावरून?" पेठे म्हणाले, "मी पुण्याला एका खानावळीत सहा वर्षं जेवलो. सहा वर्षांत खाडे अकरा." हा दाखला तिला का पटला कोण जाणे, पण पटला. महिना पंच्याण्णव डॉलर ठरले.

तिसऱ्या महिन्यात पेठे कामासाठी पाच दिवस शिकागोला गेले. परत येऊन म्हणाले, दहा जेवणांचा खाडा. ओफेलिया म्हणाली, मला कुणी सांगितलं? पेठ्यांनी आपल्या नेहमीच्या टेबलावरची मिठाची बरणी उचलली. खाली चिठ्ठी. तारीख, वेळ, सही. खानावळीत चिठ्ठी तिथेच ठेवायची असते, हे जगात सगळ्यांना माहीत असणार अशी त्यांची खात्री होती. ओफेलियाने निमूट पैसे वजा केले.

पुढे हिशेब उलटला. ओफेलियाच्या भाचीचं लग्न निघालं आणि हॉटेल तीन दिवस बंद. तिने पेठ्यांना सांगितलं, "डॉन गाहानान, सहा जेवणांचे पैसे तुम्ही भरलेले आहेत. मी पैसे परत देत नाही, जेवण देते. लग्नाला या." स्पॅनिशमध्ये 'ज'चा 'ह' होतो, म्हणून गजाननचं गाहानान, आणि डॉन म्हणजे राव. पेठे लग्नाला गेले ते भेट म्हणून प्रेशर कुकर घेऊन. तीन दिवसांत पाचच जेवणं जेवले आणि सहाव्याचं काय म्हणून विचारायला चौथ्या दिवशी हजर. तिथून त्या घराशी त्यांची ओळख झाली. म्हातारीला सगळं गाव अबुएला, म्हणजे आजी म्हणायचं. तिने लग्नातच पेठ्यांना शेजारी बसवून घेतलं, कारण सगळ्या मांडवात दारू न पिणारी दोघंच होती.

पेठे हाताने जेवायचे. टॉर्टियाचा तुकडा मोडून त्यात बीन्स घ्यायचे, भातावर हिरव्या मिरचीचं कालवण ओतून कालवायचे. आजूबाजूचे ट्रकवाले काटे खाली ठेवून बघत बसत. जेवण झालं की मोरीत जाऊन खळखळून चूळ भरायची. एकदा डेन्व्हरच्या एका प्रवाशाला वाटलं, आत कुणाचा तरी गळा दाबला जातोय. तो दार ठोठावायला धावला. ओफेलिया त्याला म्हणाली, "बसा. आमचा इंजिनिअर आहे. रोज दोनदा करतो."

शाकाहाराची गोष्ट त्याहून मोठी. पहिल्या आठवड्यात पेठ्यांनी विचारलं होतं, बीन्समध्ये मांस आहे का? ओफेलिया म्हणाली, नाही. पण पेठ्यांच्या जिभेला शंका होती. त्यांनी खिशातली बाटली काढली, दोन चमचे बीन्स भरले आणि प्रयोगशाळेत नेऊन त्यातली चरबी वेगळी केली. ती किती अंशांवर वितळते ते तीनदा तपासलं. मग कारखान्याच्या छापील फॉर्मवर अहवाल लिहून ओफेलियापुढे ठेवला: हे तेल नव्हे, प्राणिज चरबी.

तिने अहवाल पूर्ण वाचला. म्हणाली, "डुकराची. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी विचारलं होतं."

"मांस आहे का असं विचारलं होतं. ही चरबी आहे."

पेठे म्हणाले, "बरोबर आहे. प्रश्न चुकला." दुसऱ्या दिवसापासून मागच्या शेगडीवर एक लहान निळं भांडं वेगळं झालं. त्यात तेल. त्या भांड्याला दुसऱ्या कुणी डाव लावला तर ओफेलिया ओरडायची. पुढे आम्ही आलो तेव्हा भांडं मोठं झालं. आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी तिकडेच जायचा रिवाज पडला. निखिल चार वर्षांचा असताना त्याला विचारलं की तुला घरचं आवडतं की बाहेरचं, तर तो म्हणायचा, "आय लाइक ओफेलियाज् घर."

पेठ्यांचं सगळंच काही ओफेलियाने ऐकलं असं नाही. एकदा त्यांनी आठवडाभर वजनकाटा घेऊन बसून तिला सिद्ध करून दिलं की गिऱ्हाईक फुकटच्या चिप्सनेच पोट भरतं आणि मग स्वस्त पदार्थ मागवतं. तिने एक दिवस चिप्स बंद केल्या. दुपारी साडेबारापर्यंत तीन टेबलं उठून गेली आणि चर्चच्या पाद्रीबाबांनी विचारलं, घरात कुणी वारलं का? ओफेलियाने पेठ्यांना हाताला धरून उभं केलं आणि प्रत्येक टेबलाशी नेऊन माफी मागायला लावली. पेठ्यांनी मागितली. शेवटच्या टेबलाशी मात्र हळूच म्हणाले, "आकडे बरोबर होते."

हे सगळं चाललं होतं आणि गावात सगळ्यांना जे दिसत होतं ते फक्त पेठ्यांना दिसत नव्हतं, असं आम्हाला वाटायचं. ओफेलिया विधवा होती. नवरा तिच्या विशीतच ट्रकच्या अपघातात गेलेला, मूलबाळ नाही. हॉटेल तिने एका शेगडीवर सुरू केलेलं. पेठे तिच्यासमोर, स्वयंपाकघराकडे तोंड करून, नऊ वर्षं बसत होते. सुधा म्हणायची, "अहो, विचारा ना त्यांना एकदा." मी म्हणायचो, "मी कॉस्टिंगचा माणूस. हे माझं खातं नाही."

मग १९८५च्या जानेवारीत नोटीस लागली. कारखाना त्या हंगामानंतर कायमचा बंद. मला आश्चर्य वाटलं नाही, आकडे मीच लिहीत होतो. पेठ्यांना मिनेसोटातल्या एका कारखान्याने बोलावलं. मुख्य रसायनतज्ज्ञ, वर्षाला चौतीस हजार, उत्तर सोमवार, अठरा फेब्रुवारीपर्यंत.

गुरुवारी संध्याकाळी पेठे घरी आले. चहा घेतला. बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवली, परत खिशात घातली.

"दातार, तुमच्याकडे एक काम आहे. ओफेलियाला मागणी घालायची."

सुधाच्या हातातली गाळणी कपात पडली.

मी म्हणालो, "तुम्ही तिला रोज दोनदा भेटता. विचारा की."

"मी कसं विचारणार? मुलाने स्वतः विचारायचं असतं का? तिला आई आहे, थोरला भाऊ आहे. माझे वडील असते तर ते गेले असते. इथे माझ्या बाजूने तुम्हीच."

"अहो, पण ही अमेरिका आहे."

"अमेरिका बाहेर रस्त्यावर. मी ओफेलियाच्या घरी जाणार."

सुधाने विचारलं, "भावजी, त्यांच्या मनात काय आहे, काही अंदाज?"

पेठे म्हणाले, "वहिनी, नऊ वर्षं नमुना रोज बघतोय. पण चाचणी एकदाही लावली नाही. आता सोमवारच्या आत लावली नाही तर प्रयोगशाळाच राहणार नाही."

ते हसत नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला आपण नऊ वर्षं काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सुधाने रेशमी साडी नेसली, खाली बर्फाचे बूट. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून नारळ आणि खण. नारळ शुक्रवारी डेन्व्हरहून आणला. तिला एकच अडचण होती, विधवेची ओटी कशी भरायची? पेठे गाडीत म्हणाले, "वहिनी, तो नियम तुमच्या पंचांगातला आहे. तिच्या भिंतीवर टायरच्या दुकानाचं कॅलेंडर आहे."

मुलांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण पेठ्यांनी सूट घातलेला पाहून मंजिरीने विचारलं, "इज काका गोइंग टू कोर्ट?"

शनिवार संध्याकाळ, हॉटेल भरलेलं. ओफेलियाला निरोप दिला होता की घरच्यांनाही बसू द्या, काम आहे. त्यामुळे मोठं टेबल लावलेलं. एका टोकाला अबुएला, काळ्या शालीत. शेजारी रामिरो, टोपी मांडीवर. ओफेलिया मधूनमधून बसायची, मधूनमधून उठून दुसऱ्या टेबलांचं बघायची. पेठे मान खाली घालून बसले. मुलाने बोलायचं नसतं, असं त्यांनी मला बजावलं होतं. आपल्याकडच्या दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीसुद्धा इतकी मान खाली घालत नसतील.

सुधाने नारळ अबुएलापुढे ठेवला. म्हातारीने तो उचलला, कानाशी नेला, हलवला आणि मान डोलावली. पाणी आहे. सुधा माझ्या कानात म्हणाली, "बाई चांगली आहे."

जेवणं झाली. मी घसा साफ केला. इंग्रजीत म्हणालो, "रामिरो, आज आम्ही एका महत्त्वाच्या कामासाठी आलो आहोत. एक नातं गेली नऊ वर्षं चाललं आहे, आणि कारखाना बंद होण्याआधी त्याचा योग्य निकाल लागावा..."

रामिरोने खुर्ची पुढे ओढली. "डॉलरला किती सेंट देणार?"

त्याचं बीटवाहतुकीचं बिल कारखान्याकडे अडकलं होतं आणि मी कॉस्टिंगचा. त्याला ते सांगायला, आणि ते खातं माझं नाही हे पटवायला, सात-आठ मिनिटं गेली. तेवढ्यात ओफेलिया सहा नंबरच्या टेबलाला पाणी देऊन परत आली. पेठे टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होते.

शेवटी सुधाच बोलली. तिचं इंग्रजी साधं. "ओफेलिया, आमच्या भावजींना तुमच्याशी लग्न करायचं आहे. ते स्वतः विचारत नाहीत, कारण आमच्यात मोठ्यांनी विचारायचं असतं. म्हणून आम्ही आलो."

रामिरोने ते आईला स्पॅनिशमध्ये सांगितलं. निखिल मोठ्याने म्हणाला, "फायनली!" मंजिरीने त्याला चिमटा काढला. शेजारच्या टेबलावरचे दोन ट्रकवाले जेवायचे थांबले.

ओफेलियाने हातातला जग खाली ठेवला. "नऊ वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसतो. मीठ कमी आहे हे सांगायला याला कधी मध्यस्थ लागला नाही."

मी म्हणालो, "आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"पद्धतीत मुलीकडच्यांनी काय करायचं?"

"प्रश्न विचारायचे," सुधा म्हणाली.

"बरं." ओफेलिया पदर खोचल्यासारखा एप्रन घट्ट करून बसली. "मिनेसोटाचं मला ठाऊक आहे. कारखान्यातलं सगळं माझ्या टेबलांवर कळतं. मी तिकडे येणार नाही. हे हॉटेल माझं आहे, माझी आई इथे आहे. डॉन गाहानान राहतील?"

पेठ्यांनी मान वर केली आणि पद्धत मोडली. "राहीन."

"ते आत्ता सांगू नका. जेवल्यावर माणूस काहीही कबूल करतो. स्वयंपाक येतो?"

"नाही."

"पहाटे चारला उठता येतं?"

"हंगामात रोज उठतो."

"मला जेवणारा माणूस नको आहे. जेवणारे रोज साठ येतात. सोमवारी मिनेसोटाला नाही म्हणा. मंगळवारी पहाटे चारला मागच्या दाराने या. ऑगस्टमध्ये मी उत्तर देईन."

सुधाने विचारलं, "आणि उत्तर नाही असं आलं तर?"

"तर यांना कांदा चिरता येत असेल," ओफेलिया म्हणाली आणि सहा नंबरला कॉफी द्यायला गेली.

आम्ही उठायला लागलो. बिलाचा विषय कुणी काढला नव्हता. मला वाटलं, मुलीकडचं जेवण, ते पैसे घेणार नाहीत. पण अबुएलाने काठी आपटली आणि काहीतरी म्हणाली. रामिरोने ओशाळून सांगितलं, "ती म्हणते, उत्तर दिलेलं नाही. पैसे घेतले नाहीत तर उत्तर दिल्यासारखं होईल. तोवर तुम्ही गिऱ्हाईक."

मला ते एकदम पटलं. पेठ्यांचा हात खिशाकडे गेला. मी म्हणालो, "मुलाने द्यायचं नसतं," आणि एकतीस डॉलर पंच्याऐंशी सेंट मी दिले. सुधा म्हणाली, "टिप ठेवू नका हं. होणाऱ्या जाऊबाईंना टिप, बरं दिसत नाही." मंजिरी म्हणाली, "आई, यू हॅव टू टिप!" शेवटी दुसऱ्या वेट्रेसच्या हातात पाच डॉलर दिले आणि बाहेर पडलो.

सोमवारी पेठ्यांनी माझ्या टेबलावरून फोन लावला. मी आधी म्हणालो होतो, "अहो, निदान मुदत मागा. इकडचं उत्तर येईपर्यंत तिकडची जागा धरून ठेवा."

पेठे म्हणाले, "एकाला थांबवून ठेवून दुसऱ्याला विचारायचं, त्याला मागणी म्हणत नाहीत, दातार. टेंडर म्हणतात."

फोनवर त्यांनी मिनेसोटाला नाही सांगितलं. कारण विचारलं असावं, कारण पेठे म्हणाले, "मला स्वयंपाकघरात काम मिळालं आहे. नाही, कायम नाही." रिसीव्हर खाली ठेवताना तो दोनदा चुकून बाजूला पडला. एक्कावन्नाव्या वर्षी, बिनभरवशावर, चौतीस हजार डॉलर. मी एकटा असतो तर कागद काढून मांडून बघितलं असतं. त्यांच्यासमोर काढला नाही.

महिनाअखेरीपर्यंत ते पहाटे चार ते सात ओफेलियाकडे आणि आठपासून प्रयोगशाळेत होते. मार्चपासून दिवसभर तिकडेच. कांदा आठवड्यात जमला, टॉर्टिया गोल व्हायला महिना लागला. खरी परीक्षा रविवारची. रविवारी सकाळी तिथे गाईच्या पोटाचं सूप असायचं, आदल्या दिवशीच्या दारूवर उतारा म्हणून गाव ते प्यायला यायचं. ते धुवायचं, चिरायचं, सहा तास उकळायचं. पेठ्यांनी उभ्या आयुष्यात अंडंसुद्धा हातात धरलं नव्हतं. पहिल्या रविवारी ते तीनदा मागच्या दाराने बर्फात जाऊन उभे राहिले. ओफेलियाने दार उघडं ठेवलं. दुसऱ्या रविवारी नाकाखाली बाम चोळून आले. चौथ्या रविवारी ओफेलियाला म्हणाले, "तुमचा विस्तव जास्त होतो. म्हणून रस गढूळ." त्यांनी साखरेच्या रसासारखी मळी काढायला सुरुवात केली, आच कमी, फेस वर आला की काढ, पुन्हा थांब. मे महिन्यात ट्रकवाले म्हणायला लागले की इतकं स्वच्छ सूप डेन्व्हरला मिळत नाही.

सुधाने विचारलं, "भावजी, चव कशी कळते?"

"चव अबुएला बघतात. मी खात नाही, मी रस स्वच्छ करतो. बीट काय नि हे काय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "नगरला ताईला एवढंच लिहिलंय की हॉटेलच्या धंद्यात पडलो."

त्या उन्हाळ्यात त्यांनी आम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला काय वाटतं. पण जुलैच्या शेवटी वजन नऊ पौंड उतरलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. ओफेलिया काही सांगत नव्हती. ती त्यांच्यावर इतर माणसांइतकीच ओरडायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते मिरच्या भाजत असताना ती फडताळातून काही काढत होती. पाठमोरीच म्हणाली, "शनिवारी कोर्ट बंद असतं. शुक्रवार चालेल?"

पेठे म्हणाले, "शुक्रवारी मिरच्यांचा ट्रक येतो."

"मग गुरुवार."

हे उत्तर. पेठ्यांना ते कळायला मिरची करपेपर्यंत वेळ लागला. गुरुवारी दुपारी जेवणाची गर्दी ओसरल्यावर जिल्ह्याच्या कोर्टात लग्न झालं. साक्षीदार रामिरो आणि मी. संध्याकाळी पाचला हॉटेल नेहमीप्रमाणे उघडलं.

मी पुढे तीन वर्षं काउंटीच्या कचेरीत काढली. १९८८च्या जूनमध्ये मला न्यू जर्सीत काम मिळालं, जर्सी सिटीला. सामान भाड्याच्या ट्रकमध्ये भरलं आणि निघताना सकाळी ओफेलियाकडे नाश्त्याला थांबलो. काउंटरमागे पेठे, एप्रन, जाड भिंगं, कानामागे पेन्सिल. एका ट्रकवाल्याशी ते हुज्जत घालत होते, की त्याने हिरवी मिरची मागितली असताना लाल का खाल्ली. आमच्याकडे बघून त्यांनी नुसता हात वर केला. गर्दी होती. ओफेलिया गल्ल्यावर, नाकावर चष्मा.

नाश्ता चौदा डॉलर साठ सेंट झाला. तिने पूर्ण घेतला, मी पूर्ण दिला. तिने सुधाला मिठी मारली. आम्ही उठणार एवढ्यात पेठे ताटलीत चार सोपापिया घेऊन आले. तळून फुगवलेल्या पुऱ्यांसारख्या, वर मध.

"हे माझ्याकडून. पोरांनो, गरम आहेत तोवर खा."

मंजिरी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती मराठीत म्हणाली, "थँक यू, काका. खूप छान झाल्यात."

गल्ल्यावरून आवाज आला, "गाहानान. चार."

"हो, हो. चार," पेठे म्हणाले. एप्रन वर करून त्यांनी पँटच्या खिशातून पाकीट काढलं आणि गल्ल्यापाशी जाऊन तीन डॉलर ठेवले. साठ सेंटला एक, चारांचे दोन डॉलर चाळीस. ओफेलियाने यंत्रावर आकडे दाबले, ड्रॉवर उघडला, मोड काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

पेठ्यांनी मोजली. "पाच सेंट कमी आहेत."

"पुन्हा मोज."

ते खिडकीच्या उजेडात गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा मोजायला लागले. आम्ही ट्रक सुरू केला तेव्हा ते परत गल्ल्यापाशी आले होते आणि दोघंही तळहातावर वाकलेली होती. पेठ्यांनी ओफेलियाला दिले तीन डॉलर. परत मिळाले साठ की पंचावन्न, ते मला सांगता येत नाही.